काकांचा पाय आणि माझा ब्रेक

मित्रांनो, मी शाळेची एक जुनी बस आहे. बत्तीस आसनांची, रंगाचे पोपडे निघालेली. माझ्यात कौतुक करण्यासारखे फारसे काही उरलेले नाही. पण एक गोष्ट मनात सलत राहिली आहे. ती तुम्हाला सांगितली तर कदाचित थोडे हलके वाटेल.

माझा सांगाडा एका मोठ्या कारखान्यात तयार झाला आणि आसने भलत्याच गावातल्या पत्र्याच्या शेडमध्ये बसवली गेली. शाळेत आले त्या दिवशी माझी किल्ली ड्रायव्हरकाकांच्या हातात पडली. पुढची अकरा वर्षे ती दुसऱ्या कुणाकडे गेली नाही. काका उंच, कमी बोलणारे. सकाळी साडेसहाला येऊन ते चाकांवर बुटाच्या टोकाने ठोकत, काच पुसत आणि मगच माझ्यात बसत. ब्रेक इतका अलगद लावत की मागच्या बाकावर पेंगणाऱ्या मुलाची मानसुद्धा हलत नसे. या बसमध्ये मूल बसवले की घोर नाही, असे पालक म्हणत. स्तुती काकांची असे, पण फुगत मी असे.

मुलांना चढवायला-उतरवायला मावशी होत्या. त्या प्रत्येक थांब्यावर दोनदा डोकी मोजत. काका त्यांना ताई म्हणत आणि त्या काकांना भाऊ.

अकराव्या वर्षी काकांचा उजवा पाय बदलला. हे सगळ्यांत आधी मला कळले. ॲक्सिलरेटरवरून ब्रेकवर यायला त्यांचा बूट किंचित उशीर करू लागला. पावलाचा पुढचा भाग वर उचलला जात नसे, तो तळाला घासत यायचा. दुपारच्या फेरीला, माझे इंजिन तापून आत उकडू लागले, की तो पाय आणखी जड होई. काही आठवड्यांनी गिअरचा हातही तसाच वागू लागला. बोटे दांड्याभोवती मिटत, पण त्यांत जोर नसे.

काकांनी यावर उपाय शोधले, पण चोरून. गिअरच्या मुठीवर सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळली, म्हणजे बोटे घसरणार नाहीत. किल्लीला लाकडाचा जाड तुकडा बांधला. थांबा यायच्या कितीतरी आधी ते वेग कमी करत. अगदीच अडले, तर गुडघ्यापाशी पँटचे कापड मुठीत धरून पाय उचलत आणि ब्रेकवर ठेवत. एकदा एका मुलीने विचारलेसुद्धा, "काका, पँट सैल झालीय का?" सगळी बस हसली. काकाही हसले आणि दुसऱ्या दिवशी पट्टा एक भोक घट्ट करून आले.

ब्रेक जड झालाय, अशी तक्रार त्यांनी गॅरेजच्या मिस्त्रींकडे केली. मिस्त्रींनी मला दोनदा खोलले, तेलपाणी केले, आणि दोन्ही वेळा सांगितले की ब्रेक लोण्यासारखा चालतोय. मला खरे कारण माहीत होते. मित्रांनो, एखाद्या सकाळी मी सुरूच झाले नसते, तर? आठवडाभर गॅरेजमध्ये पडून राहिले असते, तर काकांना घरी बसावे लागले असते, कदाचित डॉक्टरकडेही जावे लागले असते. पण दुसऱ्या कुणाच्या हातात जायची माझी तयारी नव्हती. रोज किल्ली फिरली की मी शहाण्या मुलीसारखी सुरू होत राहिले. हा माझा गुन्हा.

मावशीही पाहत होत्या. शाळा सुटण्याआधी बस रिकामी असताना त्यांनी एकदा काकांना विचारले, पाय दुखतो का. काकांनी आधी झोपेचे कारण सांगितले, मग आखडलेल्या शिरेचे. शेवटी हळूच म्हणाले, "कुणाला बोलू नका, ताई. गाडी सुटली तर मला दुसरं काही येत नाही."

मावशी कुणाला बोलल्या नाहीत.

आणि मग तो सोमवार आला. शाळेच्या फाटकापाशी रस्त्याला उतार आहे. फाटकातून पहिलीची मुले रांगेने आत जात होती. काकांनी ब्रेकसाठी पाय उचलला आणि बुटाचे टोक ब्रेकच्या खालीच अडकले. त्यांनी पँट धरायला हात नेला, कापड मुठीत येईना. हँडब्रेक ओढला, तो अर्धाच वर आला. तेव्हा त्यांनी दोन्ही कोपरांचा जोर लावून स्टिअरिंग फिरवले. मी रांगेला चुकवून वळले, भिंतीला घासत कुंड्या फोडत गेले आणि खांबावर आदळून थांबले. रांगेतले शेवटचे मूल माझ्यापासून दोन हातांवर होते. माझ्यातल्या काही मुलांना टेंगळे आली, एकाचा ओठ फुटला. दाराशी उभ्या असलेल्या मावशी बाहेर फेकल्या गेल्या आणि त्यांचे मनगट मोडले.

दुपारी मुख्याध्यापिका बाई, मिस्त्री आणि काका माझ्यापाशी उभे होते. मिस्त्रींची आणि काकांची जुनी ओळख. मिस्त्रींनी खाली मान घालून सुचवले, गाडी जुनी आहे, ब्रेक फेल झाला असे लिहून टाकू. मला इतके बरे वाटले म्हणून सांगू! लिहा, मी मनात म्हटले, सगळे माझ्यावर घाला.

काकांनी माझ्या चेपलेल्या बंपरवर हात ठेवला.

"ब्रेकला काही झालं नव्हतं," ते म्हणाले. "माझा पाय पोचला नाही. सात महिने झाले, पोचत नाहीये."

बाईंनी एवढेच विचारले, की हे आधी का सांगितले नाही.

"भीती वाटली," काका म्हणाले.

पुढचे मला मावशी आणि मिस्त्री यांच्या बोलण्यातून कळले. डॉक्टरांनी डोक्याचे आणि पाठीच्या कण्याचे फोटो काढले आणि आजाराचे नाव सांगितले: मल्टिपल स्क्लेरोसिस. माझ्या दिव्यांच्या तारांवर जसे रबराचे आवरण असते, तसे माणसाच्या नसांवरही असते. या आजारात शरीर स्वतःच ते आवरण कुरतडते. मग डोक्याने दिलेला निरोप पायाला नीट पोचत नाही. म्हणजे काका आळशी नव्हते, की बेफिकीर नव्हते. ते लवकर गेले असते तर औषधेही लवकर सुरू झाली असती, असे डॉक्टर म्हणाले. हे वाक्य मी विसरू शकत नाही.

मनगट प्लास्टरमध्ये असतानाच मावशी एकदा गॅरेजमध्ये आल्या. काकाही आले होते, काठी टेकत. त्यांनी मावशींच्या हाताकडे पाहिले आणि माफी मागण्यासाठी हात जोडले. मावशी म्हणाल्या, "माफी कसली मागता, भाऊ? मला दिसत होतं. रोज दोनदा डोकी मोजत होते मी, आणि त्याच पोरांना घेऊन गप्प बसत होते." दोघे माझ्या सावलीत बसून राहिले. मला दोघांनाही सांगायचे होते की तिसरी गुन्हेगार इथेच उभी आहे.

काकांनी परवाना स्वतःहून परत केला. आता ते शाळेच्या ऑफिसात बसतात, बसच्या फेऱ्या आखतात आणि नव्या ड्रायव्हरला रस्त्यांच्या खोडी समजावतात. बुटात पाऊल उचलून धरणारी पट्टी असते. पेन बोटांत राहावे म्हणून त्यावर फोमची नळी चढवलेली असते. शर्टाला बटणांऐवजी चिकटपट्ट्या काकूंनी लावून दिल्यात. अवघड कामे ते सकाळच्या गारव्यात उरकतात आणि थकवा आला की सरळ सांगून अर्धा तास आडवे होतात. काही दिवस बरे जातात, काही दिवस चमचाही जड होतो. काही पालक अजून त्यांना पाहून तोंड फिरवतात. काका त्यांना दोष देत नाहीत.

एक दिवस फेरी तपासायला ते माझ्यातून निघाले, पहिल्यांदाच प्रवासी म्हणून. माझी पायरी किती उंच आहे हे मला त्या दिवशी कळले. काकांनी दांडा धरला, पाय उचलला, तो अर्ध्यातून खाली आला. पुन्हा उचलला, पुन्हा तेच. मागे मुलांची रांग थांबली होती. मला वाटले, आता ते काहीतरी विसरल्याचे निमित्त करून परत फिरतील.

काका मागे वळले. "माझा पाय वर येत नाहीये," ते मुलांना म्हणाले. "कुणीतरी जरा हात द्या."

मित्रांनो, तुमच्यासाठी कुणी बस चालवते, कुणी फळ्यावर लिहिते, कुणी घरी पोळ्या लाटते. त्यांचा हात अडखळताना दिसला तर हसण्यावारी नेऊ नका, आणि माझ्यासारखे गप्पही बसू नका. जवळ जाऊन विचारा. त्यांनी टाळले तर पुन्हा विचारा, नाहीतर मोठ्या कुणाला सांगा.

त्या दिवशी रांगेतून एकदम पाच-सहा हात पुढे आले. काका वर चढले, दारापाशीच्या बाकावर बसले आणि दम खात म्हणाले, "चला, आता तुम्ही चढा. सावकाश."