दादांच्या तोंडचं ‘जा’

दादा गेले, टोळी पांगली, पण मी स्टुलावरून उठलो नाही. हसा खुशाल!

टायरच्या दुकानावरची ती खोली. तिच्या दाराशी मी बसायचो. दादांपर्यंत पोचणारे चौघेच. त्या चौघांच्या हाताखाली आपापली माणसं, आणि एकाच्या माणसानं दुसऱ्याच्या माणसाला नाव विचारायचं नाही. सगळ्यांची तोंडं ओळखणारा मी एकटा. दार वाजलं की विचारायचं, "कोण?" कोणी "मी" म्हणालं की मी खेकसायचो, "मी म्हणजे कोण? मी तर सगळेच असतात!"

सुटायचं असेल तर दादांनी समोर बसवून "जा" म्हणायला हवं, हा कायदा. एक ड्रायव्हर न विचारता घरी गेला, तर त्याच्या भावाचे पाय मोडले. म्हणून बायको वारल्यावर लेकीला मी तिच्या मावशीकडे ठेवलं आणि मावशीला बजावलं, "पोरीला सांग, बाप मेला." पोर तेव्हा पहिलीत होती.

मग दादा झोपेतच गेले. माझं "जा" राहूनच गेलं. चौघांतले दोघे तुरुंगात, दोघांचा पत्ता नाही. खोलीत नवी माणसं आली, कॉम्प्युटर आले. चाकू नाही, शिवी नाही. दिवसभर कानाला हेडफोन लावून लोकांना गोड बोलून गंडवतात. घरमालकाला वाटतं मी यांचा वॉचमन, यांना वाटतं मी घरमालकाचा. मला वाटायचं, वरून हुकूम सोडणारे तेच असणार, नुसता धंदा बदललाय. लेकीच्या गल्लीत मी पाऊल टाकलं नाही.

परवा छातीत कळ आली. म्हटलं, आता परवानगी काढायचीच. जेवणाच्या सुट्टीत एका बाईंना गाठलं.

"साहेब कधी भेटतील? मला सुटायचंय."

"कशातून?"

"टोळीतून."

बाईंना ठसका लागला. पाणी पिऊन म्हणाल्या, "काका, साहेब आम्हीच पाहिला नाही. फोनवर निरोप येतो, आम्ही काम करतो. शेजारच्या टेबलावरच्या मुलीचं खरं नावही मला ठाऊक नाही. मी उद्या आले नाही तर दुसरी येईल."

"आणि माझ्यावर नजर ठेवणारे?"

"तुमच्यावर कोण कशाला नजर ठेवेल? जा की!"

अहो, ज्या शब्दासाठी उभा जन्म घालवला, तो या बयेनं डबा पुसता पुसता दिला! असा संताप आला! आधी तिचा, मग दादांचा, मग माझा. इतकी वर्षं मी पोरीला कोणापासून वाचवत होतो?

मावशीनं वारण्याआधी लेकीच्या घराचा पत्ता कळवला होता. निघालो. सवयीनं प्रत्येक वळणावर मागे पाहिलं. कोणी नव्हतं. खरं सांगतो, कोणी असतं तर बरं वाटलं असतं.

बेल वाजवली.

"कोण?" आतून बाईचा आवाज आला.

"मी."

"मी म्हणजे कोण?" अगदी माझाच सूर.

"तुझा बाबा."

आतला टीव्ही बंद झाला. मग ती दाराच्या अगदी जवळून बोलली, "माझे बाबा मी लहान असतानाच वारले. चुकीच्या घरी आलात. पुढे व्हा."

तिनं दार उघडलं नाही. शहाणी पोर. मी आत असतो तर मीही उघडलं नसतं.