ओरिनची शेवटची पन्नास काडतुसं

तळघरात उतरताना सहाव्या पायरीवर अजून ती निळी उशी होती. ओलांडून जाताना व्हर्लाचा पाय अडखळलाच.

चाळीस वर्षं ती त्या उशीवर बसली होती. मांडीवर शेंगांचं भांडं, आणि खाली कामाच्या टेबलापाशी ओरिन. वापरलेल्या पितळी पुंगळ्या साफ करायचा, दारू भरायचा, शिशाची गोळी बसवून पिस्तुलाची काडतुसं घरीच तयार करायचा. इथल्या डोंगरांत निम्मे पुरुष हेच करत. पण कोळशाच्या खाणीतल्या यंत्रांनी ओरिनचे कान खाल्ले होते, म्हणून शेवटची परीक्षा व्हर्लाची. पिस्तुलाची नळी सोडवून तो घडी घातलेल्या फडक्यावर उभी धरी आणि काडतूस वरून अलगद सोडी. बरोबर असेल तर ते स्वतःच्या वजनानं आत जाऊन ‘टक्’ म्हणे. केसाएवढं जाड असलं तरी आवाज मुका पडे. डोळ्याला न दिसणारा फरक कानाला कळे.

“बसलं का, व्हर्ला?”

“बसलं, बहिरोबा! पुढचं टाक.”

गेल्या हिवाळ्यात तो खोकू लागला. डॉक्टरकडे जा म्हणून ती महिनाभर मागे लागली. शेवटी चिडून म्हणाली, “तू माझं ऐकत नाहीस ना? मग मीही तुझ्यासाठी ऐकणार नाही.” त्या दुपारी तो एकटाच खाली गेला. जमिनीखालून हाक आली, “बसलं का, व्हर्ला?” तिनं रेडिओ मोठा केला. थोड्या वेळानं पुन्हा हाक. मग कितीतरी वेळानं आणखी एक.

फेब्रुवारीत तो गेला. रेडिओ आता बंद असला तरी ती हाक येत होती.

त्या दुपारी भरलेल्या काडतुसांचा डबा लेकीला, रेटाला, सापडला होता. क्लबात शनिवारी बाबांच्या नावानं नेमबाजी होती, आणि तिला हीच काडतुसं झाडायची होती. झाकणावर ओरिनच्या अक्षरात नेहमीसारखं लिहिलं होतं: ‘पन्नास. तपासली. ओ. आणि व्ह.’

दुसरं अक्षर व्हर्लानं बोटानं पुसून पाहिलं. पुसलं गेलं नाही.

“अगं आई, लिहिलंय की तपासली म्हणून,” पायऱ्या उतरत रेटा म्हणाली. “बाबांच्या हातचं कधी अडकलंय?”

“मी ऐकलेली नाहीत ती.”

व्हर्लानं नळी फडक्यावर उभी केली. पहिलं काडतूस सोडलं. टक्. दुसरं, टक्. अकरापर्यंत प्रत्येक बोललं आणि तिचा श्वास मोकळा होत गेला. जमलं होतं म्हाताऱ्याला, तिच्यावाचून.

बारावं मुकं गेलं. विसावं अर्ध्यातच थांबलं.

तिनं ते काढलं, काळ्या मार्करनं सगळीकडून रंगवलं, पुन्हा नळीत घालून फिरवलं आणि बाहेर काढलं. जिथं घासतं तिथला रंग निघतो. रंग निघाला होता पुंगळीच्या तोंडापाशी, गोलाकार. गोळी शिरावी म्हणून आधी तोंड जरा फाकवतात, आणि शेवटच्या साच्यात ते पुन्हा मिटवतात. तिनं दाबयंत्रावरचा तो साचा चाचपला. त्याला जागेवर धरणारी कडी सैल होती. दर दाबाला साचा थोडा थोडा वर सरकत गेला होता, आणि तोंडं पुरती मिटली नव्हती. आणि ओरिननं, आवाज कळेना तेव्हा, अंगठ्यानं रेटून काडतुसं आत बसवली असणार.

“मग कडी आवळ आणि पुन्हा दाबून घे,” रेटा म्हणाली. “दहा मिनिटांचं काम.”

“तोंडं मिटतील. पण दारू? कडी सैल राहिली ते ज्याला कळलं नाही, त्याला दारू दोनदा पडलेली कळली असेल? पिस्तूल फुटलं तर ते तुझ्या हातात असणारे, पोरी.”

“निदान पहिली अकरा तरी दे. ती बसली ना?”

“एकही नाही.”

“आई, शेवटची आहेत गं त्यांची!”

“म्हणूनच तर. विचारलं होतं त्यानं मला, रेटा. तीनदा. मी वर होते. ऐकू येत होतं.”

रेटा जाऊन सहाव्या पायरीवर बसली.

गोळ्या उपसायचा प्लास्टिकचा हातोडा व्हर्लानं खणातून काढला. त्यात काडतूस अडकवून फरशीवर आपटलं, की गोळी आणि दारू सुटी होई. तिनं ओरिनचा कामाचा जाड चष्मा डोळ्यांवर चढवला, दार उघडं ठेवलं, आणि ती एकेक फोडू लागली. दारू एका वाटीत, शिसं दुसरीत. प्रत्येक फोडण्याआधी मात्र ती ते नळीत सोडून पाही. गरज नव्हती. चुकलेलं असलं तर “नाही रे” म्हणे. पायरीवर रेटा डोळे पुसत ऐकत होती.

पहिली अकरा तिनं मागे ठेवली होती. शेवटी तीही घेतली.

पन्नासावं सोडलं. टक्.

“बसलं, ओरिन,” ती जरा मोठ्यानं म्हणाली, बहिऱ्या माणसाशी बोलतात तसं. खालून वर, स्वयंपाकघराच्या फळ्यांकडे पाहत ती क्षणभर थांबली.

मग ते बाहेर काढून तिनं हातोड्यात अडकवलं.