टाईट रे

माझ्या नवऱ्याला अख्खा संसार करायला एक शब्द पुरायचा. टाईट. दार फुगून लागेना, टाईट. पँट कमरेत रुतली, टाईट. मित्राला जरा जास्त झाली की तो मित्रही टाईट. अहो आई, म्हणजे माझ्या सासूबाई, सकाळी भांडी आपटायला लागल्या की हा दाढीच्या फेसातून मला सांगायचा, "वातावरण टाईट." मुलीला पांघरूण घालताना, "टाईट झोप." आमचं ठरलं तेव्हा माझ्या आईला म्हणाला होता, "काळजी नको, आपण एकदम टाईट असतो." आईनं पुढचा आठवडाभर चौकशी केली की मुलगा पितो किती.

मी घरी बसून लोकांचे कपडे उसवते, सैल करून पुन्हा शिवते. दिवसभर गिऱ्हाइकांकडून हाच शब्द ऐकायचा आणि संध्याकाळी नवऱ्याकडून पुन्हा तोच. एकदा वैतागून म्हटलं, "अरे, बाकीचे शब्द काय मेले?"

"आहेत की. पण सगळे ढिले."

असा माणूस. त्या शब्दापायीच गेला. आणि शेवटच्या वेळी तो शब्द त्यानं कशासाठी उच्चारला, हे सांगायला मला कारखान्यात बोलावलं होतं. माझ्या उत्तरावर माझा धाकटा भाऊ सुटणार होता, नाहीतर अडकणार होता.

भावाला घरात खारू म्हणतात. लहानपणी कपाटावर, गच्चीच्या कठड्यावर, जिथे नको तिथे चढलेला असायचा. आता मिशी आली, पुढून टक्कल पडायला लागलं, नाव काही उतरलं नाही. त्याची चढायची हौस बघून माझ्या नवऱ्यानंच त्याला आपल्या कारखान्यात लावून घेतलं. तिथे लोखंडाच्या मोठमोठ्या टाक्या बनतात. छताखाली रुळांवरून फिरणारी क्रेन, तिच्या केबिनमध्ये वर खारू, आणि खाली टाकीला साखळी बांधणारा माझा नवरा. मध्ये टाकी आली की वरच्याला खालचा दिसत नाही. म्हणून दोघांच्या हातात वॉकीटॉकी, आणि तिच्यावर मोजके शब्द. 'टाईट' म्हटलं की साखळी ताणून घ्यायची, 'उचल' म्हटलं की उचलायचं, 'ढील' म्हटलं की सैल सोडायचं.

सुरुवातीला माझा नवरा वॉकीटॉकीवरून "साल्या, डबा खाल्लास का रे?" असंही विचारायचा. खारू खरोखरीचा साला, त्यामुळे शिवी देऊनही शिवी लागत नसे, आणि ज्याच्या ज्याच्या हातात वॉकीटॉकी तो तो हसायचा. सुपरवायझर तेवढा हसला नाही. "हे घर नाही. यावर फक्त कामाचे शब्द." तेव्हापासून साल्या बंद आणि रेही बंद. खारू आमच्याकडे आला की नवरा दारातच म्हणायचा, "ये रे, बस रे, खा रे. दिवसभराचे साठलेत, घेऊन जा."

त्या दिवशी तो टाकी आणि खांब यांच्या मधल्या फटीत उभा होता. "टाईट," म्हणाला. खारूनं साखळी ताणली. ताण बसला तशी टाकी खांबाकडे सरकली. "टाईट," तो पुन्हा म्हणाला. खारूला वाटलं, साखळी अजून सैल आहे. त्यानं आणखी ताणली. मग तिसऱ्यांदा तोच शब्द आला, आणि मग काहीच नाही. खालून वेल्डर जिवाच्या आकांतानं ओरडला तेव्हा खारूनं ढील दिली.

शब्द साखळीसाठी होता की जागेसाठी, एवढाच प्रश्न.

मॅनेजर घरी आले. बूट दाराबाहेर काढले, मुलीच्या डोक्यावर हात ठेवला, मशीनवर पडलेल्या कुणाच्यातरी पँटकडे बघत हळू आवाजात म्हणाले, "वहिनी, त्यांना सवय होती ना, हा शब्द सगळीकडे वापरायची?"

"होती."

"बस. एवढंच सांगा. यात खोटं तर काही नाही ना?"

नव्हतंच. माणसाला सवय होती, सवयीनं चुकीचा शब्द तोंडातून गेला, चूक त्याची. कंपनी मोकळी, क्रेनवाला मोकळा, सुंठीवाचून खोकला गेला. मेलेल्याच्या डोक्यावर खापर फोडायला बरं असतं, डोकं हलत नाही.

दुसऱ्या दिवशी माझी आई आली. चहा तसाच गार होऊ दिला. "गेला तो गेला. मला काय कमी दुःख आहे? जावई होता माझा. पण असलेला तरी राहू दे की गं. ते साहेब सांगतात तेवढं बोल. आत गेला तर माझं पोर मरेल."

"तो चाळिशीला आलाय, आई."

"मग चाळिशीचं पोर मरेल."

अहो आई आतल्या खोलीत होत्या. सगळं ऐकत होत्या, कारण भांड्यांचा आवाज थांबला होता. आई गेल्यावर बाहेर आल्या, गार चहा मोरीत ओतला आणि पाठमोऱ्याच म्हणाल्या, "तुझा तो भाऊ आहे. माझा तो मुलगा होता. आता बोल काय बोलायचं ते."

मी ठरवलं होतं, सवय होती एवढंच सांगायचं आणि उठायचं. इकडे आड तिकडे विहीर असली की माणूस काठाकाठानं चालतो.

कारखान्याच्या ऑफिसला लोखंडी जिना आहे. त्याच्याखाली खारू उभा होता. इस्त्रीचा शर्ट, गळ्यापर्यंत बटणं लावलेली. डोळे असे आत गेलेले की मला आधी दुसराच कुणी वाटला.

"ताई, तिसऱ्यांदा दाजी नुसतं टाईट नाही म्हणाले." तो भिंतीशी बोलल्यासारखा बोलत होता. "टाईट रे, म्हणाले."

"नीट ऐकलंस?"

"अजून ऐकतोय. मॅनेजर म्हणतात, ऐकलं नाही म्हणून सांग."

"मग तू काय केलंस तेव्हा?"

"बटणावरचा हात काढला. थांबलो."

"ढील का नाही दिलीस?"

"ढील म्हणाले नाहीत ना ते." हे सांगताना त्याचा आवाज शाळेतल्या मुलासारखा झाला. "मागे एकदा मी आपल्या मनानं ढील दिली होती. टाकी कलंडली, थोडक्यात वाचलो सगळे. तेव्हा दाजीच म्हणाले होते, मी सांगेपर्यंत हात हलवायचा नाही, साल्या, काय वाट्टेल ते होऊ दे. मी शब्दाची वाट बघत होतो, ताई."

किती वेळ, ते मी विचारलं नाही. वरून सुपरवायझरनं हाक मारली आणि आम्ही जिना चढलो.

टेबलापलीकडे चौकशीला आलेले सरकारी साहेब होते, वयानं माझ्याएवढेच, सर्दी झालेले. एका बाजूला मॅनेजर आणि सुपरवायझर, दुसऱ्या बाजूला वेल्डर आणि खारू. मी आणि अहो आई दाराजवळच्या खुर्च्यांवर.

साहेबांनी आधी खारूला विचारलं. तो टेबलाच्या कडेकडे बघत म्हणाला, "फक्त टाईट ऐकलं. तिन्ही वेळा."

"रे होता," वेल्डर म्हणाला. "शेवटच्याला. माझ्या हातात पण वॉकीटॉकी होती."

"रे काय, सगळेच म्हणतात," सुपरवायझर म्हणाला. "आपल्यात रे म्हणजे स्वल्पविराम."

"पण अडकले होते तर 'थांब' का नाही म्हणाले?" साहेबांनी विचारलं.

"चेंगरणारा माणूस शब्द निवडत बसत नाही, साहेब," वेल्डर म्हणाला. " जो हाताशी असेल तो फेकतो."

साहेबांनी नाक पुसलं आणि माझ्याकडे वळले. "बाई, तुम्हाला त्रास देतोय. पण त्यांचं बोलणं तुमच्याइतकं कुणाला माहीत असणार? त्यांना हा शब्द सारखा वापरायची सवय होती?"

"होती," मी म्हटलं. "दारालाही तोच, माणसालाही तोच."

मॅनेजरांनी पाण्याचा ग्लास माझ्याकडे सरकवला. झालं होतं माझं काम. मी पदर सावरून उठायच्या बेतात होते.

"आणि हा रे? त्याला काही अर्थ होता, की सुपरवायझर म्हणतात तसं?"

जिभेला हाड नसतं म्हणतात. मला त्या क्षणी होतं. 'नाही' म्हणायला किती वेळ लागतो? खारूची मान खाली होती. त्याच्या मानेवरचे केस वाढले होते, कुणी कापून घे म्हणून सांगितलं नव्हतं. शेजारी अहो आई पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत होत्या, सोडत होत्या.

मी सवय म्हटलं असतं तर भाऊ वाचला असता. पण मग माझा नवरा त्या फटीत कुणालाही हाक न मारता गेला असता. नुसता चुकीचा शब्द बोलून गेलेला माणूस.

"वॉकीटॉकीवर तो रे म्हणत नसे," मी म्हटलं. "सुपरवायझरनी मना केलं होतं, तेव्हापासून सोडलं होतं त्यानं. घरी म्हणायचा."

सुपरवायझर छताकडे बघायला लागला.

"मग?"

"मग तो काम सांगत नव्हता, साहेब. हाक मारत होता."

मॅनेजर काहीतरी बोलायला गेले, तेवढ्यात खारू उभा राहिला. खुर्ची मागे पडली. "माझं बदला, साहेब. ऐकलं होतं मी. रे पण ऐकलं होतं."

"अहो, बसा, आधी आपण जरा बाहेर…" मॅनेजर म्हणाले.

खारू बसला नाही. जिन्याखाली मला सांगितलं तेच त्यानं पुन्हा सांगितलं, हात काढला, थांबलो, वाट बघत होतो. मध्येच त्याचा उजवा हात आपोआप पुढे येऊन हवेत थबकला होता आणि ते त्याच्या लक्षातच आलं नाही. साहेबांनी सगळं ऐकून घेतलं, चष्मा काढला, पुन्हा लावला. "ऐकून थांबलात, पण सोडलं नाहीत," ते म्हणाले. "याचं पुढचं मी ठरवू शकत नाही. पोलीस बघतील."

खाली फाटकाशी माझी आई उभी होती. तिला वॉचमनकडून आधीच कळलं होतं. असल्या बातम्या जिन्यावरून माणसांच्या आधी उतरतात. ती माझ्यासमोर आली, हात उगारला, आणि मग तो कुठे ठेवावा हे न कळून स्वतःच्याच छातीवर ठेवला.

"जन्मभर शिवणकाम केलंस ना गं? एवढं तोंड शिवता आलं नाही?"

मी अहो आईंकडे वळून पाहिलं. मला वाटलं होतं, त्यांना तरी बरं वाटलं असेल. त्या लोखंडी जिन्याच्या शेवटच्या पायरीवर बसल्या होत्या, पाय जमिनीला पुरते टेकत नव्हते.

"हाक मारली होती म्हणजे," त्या म्हणाल्या. "मी आपली धरून चालले होते, त्याला काही कळलंच नसेल. झटक्यात झालं असेल." मग पुन्हा, कुणाला तरी विचारल्यासारखं, "हाक मारली होती?"

मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार? मीच तर सांगून आले होते.

पोलिसांची गाडी आली तेव्हा ऊन उतरलं होतं आणि पाळी सुटल्यामुळे माणसं डबे घेऊन बाहेर पडत होती. खारूला पाहून ती बाजूला होत होती, कुणी त्याच्या पाठीवर हात ठेवला, कुणी ठेवला नाही. वेल्डर लांब उभा होता. आई खारूच्या शर्टाची कॉलर उगाच सारखी करत होती आणि शिपायाला सांगत होती, याला रात्री पाठीवर झोप लागत नाही, याला कुशीवर झोपू द्या.

गाडीत एक पाय ठेवून खारू थांबला. "ताई."

"हं."

"दाजींना काय वाटलं असेल गं? मी ऐकलंच नाही असं, की ऐकून…"

त्यानं पुढचं म्हटलं नाही. मला कळलं. ऐकलंच नाही म्हणावं, तर माझा नवरा एकटा गेला. ऐकलं म्हणावं, तर तो हे जाणून गेला की वरच्याला ऐकू आलंय आणि तरी साखळी सैल होत नाहीये. यातलं कुठलं भावाच्या हातात ठेवू? सकाळपासून सगळ्यांनी मला त्याच्या बोलण्यातली जाणकार करून टाकलं होतं, आणि हे एकच मला येत नव्हतं.

"मला माहीत नाही," मी म्हटलं.

त्यानं मान हलवली आणि आत चढला. शिपाई म्हणाला, सरका अजून. खारू आत सरकला. दार लोटायला कुणीतरी हवं होतं. आई खिडकीतून आत हात घालून उभी होती, अहो आई अजून पायरीवरच होत्या. मी पुढे झाले आणि दार लावलं. ते नीट बसलं नाही, म्हणून पुन्हा उघडून जोरात लावलं.