गिरजामायचा राखेचा डबा

गिरजामायले जाळून माणसं घरी आली. मी तिची शेजारीण, अंगणातच होती. आमच्याकडे माणूस जिथं गेलं तिथं चाळलेली राख पसरतात आन् वरून टोपलं झाकतात. सकाळी राखेत ज्या जिवाचं पाऊल दिसते, त्याच्या जन्माले माणूस गेलं असं मानतात.

पण घरात गॅस, राख कुठची? म्हातारीले सुनेनं कवाचीच वेगळी काढली होती, मागच्या टिनाच्या खोलीत. तिथं तिची चूल होती.

"आईच्या डब्यातली आणा," तिचा लेक नयन म्हणाला. तो फोनवर तेरवीच्या जेवणाले मारेगावचा आचारी ठरवून राह्यलता.

चुलीपाशी राख भराचा पत्र्याचा डबा होता. मी तो उचलून आणला. आत राखेचा कण नव्हता. तोंडावर कोळ्यानं जाळं विणलं होतं, त्यात माशा वाळल्या होत्या.

"आई लय सफाईची होती," नयन पुटपुटला.

"सफाई? अरे, चूल पेटलीच नाही तं राख कुठून येईन? काय खात होती तुही माय?"

सून आत निघून गेली. मंग नयननं हळूच इचारलं, "काकू, तुमच्या चुलीतली देता का?"

"नाही देत. तिचीच चूल पेटव, होईन राख."

"मौतीच्या घरी चूल पेटवत नसतात, काकू."

मी डबा त्याच्या पुढ्यात ठेवला.

"मंग तुह्या घरची मौत आजची नाही, नयन. जाळं पाहून सांग, कवाची हाय ते."