कहुनाचा होकार

पर्थपासून लांब, कालगुर्लीच्या सोन्याच्या खाणीत विक्रांतला 'कहुना' हे नाव काम सुरू होण्याआधीच्या सकाळच्या टूलबॉक्स मीटिंगमध्ये मिळालं. २०२१ साल होतं. कोरोनामुळे सीमा बंद होत्या, आणि दगड दळणाऱ्या मोठ्या मिलच्या देखभालीसाठी दरवर्षी जर्मनीहून येणारे इंजिनिअर घरीच अडकले होते. त्यांना व्हिडिओवर विचारत विक्रांतने ते काम निभावलं. मॅनेजर ब्रेंडनने त्याच्या डोक्यावर जास्वंदीचं स्टिकर लावलेलं हेल्मेट चढवलं.

"आजपासून हा आपला मिल कहुना, मिलचा उस्ताद!"

लोक हसले, टाळ्या वाजल्या. वेल्डर केओनी तेवढा हसला नाही. तो हवाईचा, बायकोचं गाव म्हणून इथे स्थायिक झालेला.

"तुला राग आला का?" चहाच्या सुट्टीत विक्रांतने विचारलं.

"तुझा नाही, मेट. आमच्याकडे हा शब्द शिकून तयार झालेल्या माणसासाठी असतो. औषधं देणारा, प्रार्थना करणारा, होडी कोरणारा. माझ्या आजोबांचे आजोबा होड्यांचे कहुना होते. झाड पाडायच्या आधी ते एका लहान पक्ष्यावर नजर ठेवत. तो खोडावर चोच मारायला लागला की लाकूड आतून किडलेलं. मग ते नको म्हणायचे."

"आणि गावाचा प्रमुख ऐकायचा?"

"समुद्रात त्यालाच जायचं असायचं ना!" केओनीने मग विक्रांतच्या हेल्मेटवर टिचकी मारली. "ब्रेंडन कधी मिलजवळ उभा राहतो का?"

हिवाळा संपता संपता मिलच्या एका बेअरिंगची थरथर वाढली. विक्रांतने ब्रेंडनला स्पष्ट सांगितलं, मिल थांबवायला हवी. नवं बेअरिंग जहाजावर होतं आणि जहाज सिंगापूरला अडकलं होतं.

"म्हणजे ते येईपर्यंत सोनं बंद?" ब्रेंडन म्हणाला. "दुपारी पर्थच्या हेड ऑफिसचे साहेब कॉलवर आहेत. ते तुलाच विचारतील. नीट विचार करून बोल." दारातून तो मागे वळला. "हो, तुझं पीआरचं नॉमिनेशन माझ्या टेबलावर आहे. या आठवड्यात बघतो."

विक्रांत आणि त्याची बायको मैथिली चार वर्षं त्या नॉमिनेशनची, म्हणजे इथे कायम राहण्याच्या परवान्यासाठी कंपनीने करायच्या शिफारशीची, वाट बघत होते. ते नसेल तर व्हिसा संपताच दोघांना देश सोडावा लागणार होता, आणि पुण्याची विमानं बंद होती.

कॉलवर साहेबांनी विचारलं, "तर कहुना, काय म्हणतोस?"

"थोडं व्हायब्रेशन आहे," विक्रांत म्हणाला. "लक्ष ठेवू. शुड बी राइट."

'होईल ठीक' अशा अर्थाचा हा इथला शब्दप्रयोग तो पहिल्याच वर्षी शिकला होता. कोणी पुढे काही विचारलं नाही.

पुढच्या आठवड्यात बेअरिंग फुटलं. केओनी शेजारीच एका पाइपला वेल्डिंग करत होता. त्याच्या उजव्या हाताचा पंजा चिरडला. गावच्या हॉस्पिटलमध्ये त्या वेळी तिथे नर्स असलेली मैथिलीच ड्यूटीवर होती. तिने रक्त थांबवलं आणि त्याला पर्थच्या विमानात चढवलं. तिकडे तीन बोटं काढावी लागली.

चौकशीत ब्रेंडन शांतपणे बोलला. "साइटवरच्या तज्ज्ञाचं मत घेतलं होतं. मीटिंगचं रेकॉर्डिंग आहे." ते खरंच होतं. विक्रांतला लेखी ताकीद मिळाली. ब्रेंडनला काही झालं नाही, आणि बोलल्याप्रमाणे त्याने नॉमिनेशन पाठवलेलं होतं.

ते मंजूर झाल्याची मेल आली तेव्हा मैथिली डबा भरत होती. विक्रांतने फोन तिच्यापुढे धरला. तिने वाचलं.

"तुला माहीत होतं ना रे, बेअरिंग फुटणार म्हणून?"

"फुटेलच असं नव्हतं."

"मी ते विचारलं नाही."

तिने डब्याचं झाकण लावलं.

"केओनीला डिस्चार्ज मिळालाय," ती म्हणाली. "त्याची बायको भेटली होती. विचारत होती, विक्रांत अजून फोन का करत नाही?"

"करतो."

"काय सांगशील?"

विक्रांतने फोन हातात घेतला. केओनीचं नाव शोधलं, ते तसंच सोडून आईला पुण्याला फोन लावला.

"आई, पीआरचं झालं," तो म्हणाला.