घटाची माती

खाणीने हौसावहिनीचं शेत खडीसाठी घेतलं तेव्हा कागदावर एक अट होती. वरची हातभर माती वेगळी काढून जपायची, आणि खडी काढून झाली की खड्डा बुजवून तीच माती वर पसरून शेत परत द्यायचं. हौसावहिनी म्हणजे माझ्या चुलतभावाची, महिपतीची बायको. महिपती नुकताच गेला होता. मी रोह्याच्या वाचनालयातून निवृत्त होऊन त्याच खाणीवर कारकून झालो होतो.

पोकलेनने माती काढून एकावर एक रचली. ढीग तीन पुरुष उंच झाला. मी कधीतरी शेतकीच्या एका पुस्तकात वाचलं होतं की काढलेली माती माणसाच्या उंचीहून उंच रचू नये. आतल्या मातीला हवा मिळत नाही, ती मरते. मॅनेजर नितेशला मी तसं म्हणालो. म्हणालो म्हणजे पुटपुटलो.

"काका, माती नासायला ती काय दूध हाय?" तो हसला. "आन् पसरायला जागा कुठं हाय?"

मी हजेरीच्या वहीत डोकं घातलं. पुस्तक जुनं होतं. आणि मी काही शेती केलेली नव्हती.

नवरात्रात आमच्याकडे घटाला आपल्याच शेतातली माती लागते. वहिनीच्या शेताचा तर खड्डा झालेला. म्हणून दर आश्विनात ती परडी घेऊन खाणीवर यायची आणि ढिगाच्या अंगावरची दोन ओंजळी माती खरवडून न्यायची.

"माझंच शेत हाय ना? नुसतं उभं करून ठेवलंय," म्हणायची.

नवव्या दिवशी मला घरी बोलावून घट दाखवायची. वीतभर उंच, पिवळसर अंकुर दाटीने आलेले असायचे.

"बघा भावजी. जिवंत हाय."

मी चहा प्यायचो आणि हो म्हणायचो. सात वर्षं घट उगवला. पुस्तक चुकलं असं मी मनाशी ठरवून टाकलं. ते ठरवणं फार सोयीचं होतं.

यंदा पौषात ढीग फोडला. वरची हातभर माती तांबूस निघाली. तिच्याखालची निळसर काळी होती, तिला गटारासारखा वास होता. एक गांडूळ नाही, एक मूळ नाही. पोकलेन ती बुजवलेल्या खड्ड्यावर पसरत गेला. वहिनी आणि तिची सून रोहिणी बांधावर उभ्या होत्या. अर्धा ढीग संपल्यावर नितेशने मशीन थांबवलं आणि कागद आणला.

"आज्जी, इथं सही करा. शेत मिळालं म्हणून."

"भावजी, वाचा."

मी वाचलं. 'वरची माती सुस्थितीत परत मिळाली.'

"सुस्थितीत हाय का?" वहिनीने मला विचारलं.

"आज्जी, सात वरसं घट उगवलाय तुमचा," नितेश म्हणाला. "सगळ्या गावाला ठाऊक हाय."

"तुला नाय विचारलं."

मी कागदाकडे बघत बोललो. "मेली आहे, वहिनी. ढीग फार उंच झाला. रचताना मला माहीत होतं."

"मग घट?"

"तुम्ही ढिगाच्या अंगावरची माती नेत होतात. तेवढीच जिवंत होती."

ती ओरडली नाही. ओरडली असती तर काय करायचं ते मला कळलं असतं.

"सात वरसं माझ्या घरी चहा प्यायलात," ती म्हणाली. एवढंच.

मग तिने उरलेल्या ढिगाकडे बोट केलं. "रोहिणी, ती वरची साल काढ गो. खालची मिसळू नको."

"कशाला, आत्या?"

"विरजण लावायला. या कोपऱ्यात पसरू पातळ. जिवंत व्हायला किती वरसं लागतील, भावजी?"

"तीन. कदाचित दहा. मला नक्की माहीत नाही."

"मंग कागदावर लिवा, माती मेली म्हणून."

तिचं वय अडुसष्ट होतं. मी पेन काढलं. 'सुस्थितीत' हा शब्द खोडला आणि खाली लिहिलं: ढीग प्रमाणाबाहेर उंच रचल्याने आतली माती मेली आहे. रचताना मला माहीत होतं, मी ठामपणे सांगितलं नाही. अक्षर नेहमीसारखं नीट आलं. खाली माझी सही केली, मग वहिनीने तिची.

नितेशने कागद दोनदा वाचला.

"काका, उद्यापासून येऊ नका."

"बरं," मी म्हणालो.

भीती वाटेल म्हणून थोडा वेळ वाट पाहिली. ती आली नाही.

रोहिणी ढिगाच्या अंगावरून माती खरवडत होती. तिने घमेलं भरलं, वहिनीच्या डोक्यावर दिलं आणि माझ्याकडे न बघता दुसरं रिकामं घमेलं पायाने माझ्याकडे सरकवलं. मी ते उचलून तिच्यासमोर धरलं.