मंगळवार-शुक्रवारचा गीझर

आर्गिरिसला आपल्या घराचा अभिमान होता. तो इतका की पाहुण्याने कॉफीचा पहिला घोट घ्यायच्या आत तो त्याला विजेच्या बोर्डापाशी नेऊन उभा करी. बोर्डाशेजारी साबणाच्या वडीएवढी एक पांढरी पेटी होती. तिला तो ‘मेंदू’ म्हणे. दिवे एका कंपनीचे, खिडक्यांची शटरं दुसरीची, दाराचं कुलूप तिसरीचं, गीझर चालू-बंद करणारा रिले चौथीचा. एकाची भाषा दुसऱ्याला कळत नव्हती. दोन हिवाळे खपून त्याने ही सगळी भांडखोर भावंडं मेंदूच्या धाकात आणली होती. खोलीत पाऊल टाकलं की दिवा लागे, बाहेर पडलं की विझे. मग भिंतीवर बटणं हवीत कशाला? ती त्याने काढून टाकली आणि त्या जागी कोऱ्या पांढऱ्या पट्ट्या ठोकल्या. ग्रीसमधल्या त्या अख्ख्या वोलोस शहरात असं दुसरं घर नाही, असं तो सांगायचा. ते खरंही असेल, कारण एवढा वेळ दुसऱ्या कुणाकडे नव्हता.

कॅमेरे मात्र बायकोने लावू दिले नाहीत. “मी घरात राहते, दुकानात नाही,” मेरोपी म्हणाली, आणि मेरोपी एकदा बोलली की विषय मिटला.

त्या कोऱ्या पट्ट्यांवरूनच बापलेकांचं बिनसलं होतं. प्रोद्रोमोस म्हणजे आर्गिरिसचे वडील, चाळीस वर्षं वायरमन. या फ्लॅटची वायरिंगही त्यांच्याच हातची. दोन वर्षांपूर्वी ईस्टरला कोकरू टेबलावर आलं आणि नेमका तेव्हाच मेंदू रुसला. दिवे काही लागेनात. “ज्या भिंतीला बटण नाही ती भिंत माणसाची नव्हे रे,” असं हसत हसत म्हणत म्हातारा उठला, खिशातला पेचकस काढला आणि त्याने मेंदूच उपटला. साडूंच्या देखत आर्गिरिस ओरडला, “माझ्या घराला पुन्हा हात लावायचा नाही!” प्रोद्रोमोसनी पेचकस खिशात घातला आणि घासही न खाता ते निघून गेले. तेव्हापासून बोलणं बंद. मेरोपी दर रविवारी सासऱ्याकडे डबा घेऊन जाई. ती सांगत नसे, हा विचारत नसे.

मार्चमधल्या एका मंगळवारी बंदरावरच्या गोदामाच्या ऑफिसात बसल्या बसल्या आर्गिरिसने फोन उघडला, तर मेंदूचा निरोप होता: गीझर सापडत नाही. सकाळी अकरा अडतीसला हरवला, लगेच सापडला, पुन्हा हरवला. दुपारी पावणेचारला आपोआप परत आला. रिले खराब असेल म्हणून त्याने नवा बसवला. शुक्रवारी नव्यानेही तेच केलं, त्याच वेळी, त्याच तऱ्हेने. हरवला, सापडला, हरवला.

मग त्याने बाकीच्या नोंदी चाळल्या.

अकरा पाचला दार उघडलेलं. दाराला किल्ली नव्हती, प्रत्येकाचा आपला आकडा होता, आणि हा आकडा मेरोपीचा. अकरा आठला गीझर सुरू. अकरा अडतीसला गायब. त्यानंतर बाथरूममधला दमटपणा चढत गेलेला, म्हणजे कुणीतरी आंघोळ करत होतं. बारा वीसला दार बंद. मागचे सगळे मंगळवार आणि शुक्रवार असेच, फेब्रुवारीच्या मध्यापासून. शॉक बसू नये म्हणून आंघोळीला शिरण्याआधी गीझरचा खटका बोर्डावरून पाडायचा, हे इथे प्रत्येक पोराला आईने टपली मारून शिकवलेलं असतं. पण या घरात ते काम मेंदू करी, बोर्डाला हात लावायची गरजच नव्हती. कुणीतरी लावत होतं. आणि दुपारी मेरोपी घरी आली की दोन मिनिटांत तो खटका वर होत होता. म्हणजे मेरोपीला सगळं ठाऊक होतं.

ऑफिसात त्याच्या समोर सारांदिस बसायचा. दोन लग्नं मोडलेला, दिवसभर भोपळ्याच्या बिया फोडणारा. आर्गिरिसने ‘माझ्या एका मित्राच्या घरी’ असं म्हणून त्याला विचारलं.

“तुझ्या मित्राच्या?” सारांदिसने साल थुंकली. “असं बघ, माणूस आंघोळ कधी करतो? कामाआधी नाही तर कामानंतर. अकरा वाजता कसलं काम आटपतं, ते तुझ्या मित्राने शोधावं.”

“गप रे!”

“मी गप्पच आहे. बोलतोय तो तुझ्या मित्राचा गीझर.”

संशय एकदा शिरला की आधी जेवणाच्या ताटात येऊन बसतो. त्या रात्री पालकाची पाई होती. कडा कुरकुरीत भाजलेल्या, आणि एक कोपरा कापून नेलेला. पाईचे कोपरे म्हणजे घराघरात भांडणाचा विषय. या घरात ते आर्गिरिसचे असत.

“कोपरा कुणी खाल्ला?”

“मी,” मेरोपी म्हणाली.

“तुला कोपरा कडक लागतो.”

“आज नाही लागला. कोपऱ्याचा पंचनामा करणारेस का आता?”

ती हसली. आठवड्यापूर्वी त्याला ते हसू आवडलं असतं. आता त्याला वाटलं, किती सराईत झाली आहे ही. दुसऱ्या दिवशी शांपूच्या बाटलीमागे त्याला हिरव्या साबणाचा एक ओबडधोबड तुकडा सापडला. त्याने वास घेतला. ऑलिव्हच्या तेलाचा, घरी घोटलेल्या साबणाचा वास. कुठेतरी ओळखीचा, पण आठवत बसण्याएवढी शांतता त्याच्या डोक्यात उरली नव्हती.

“हा कुठून आला?”

“दुकानात नमुने येतात ना,” मेरोपी भांडी पुसत म्हणाली. ती औषधाच्या दुकानात काम करायची, नमुने येतही असतील. पण तिने वळून पाहिलं नाही, आणि आर्गिरिसने ते मनात लिहून ठेवलं. त्याचं मन आता त्या पांढऱ्या पेटीसारखंच नुसतं टिपत होतं.

पुढच्या मंगळवारी अकरा दहाला घरात हालचाल दिसली, तेव्हा त्याने औषधाच्या दुकानाला फोन लावला.

“बोला, औषधालय,” मेरोपीचाच आवाज.

“अगं... खोकल्याचं औषध आणशील का?”

“तुला कुठे खोकला आहे?”

“येईलसं वाटतंय.”

ती दुकानात होती! आणि त्याच वेळी त्याच्या स्वयंपाकघरात कुणीतरी फिरत होतं, तिचाच आकडा दाबून आलेलं. म्हणजे तिने आपला आकडा दुसऱ्याला दिला होता. दुपारी येऊन ती त्याच्या खुणा पुसत होती. बायको घरात नसताना परका पुरुष घरात आंघोळ का करेल, असा साधा प्रश्न आर्गिरिसला पडायला हवा होता. पण ज्याला विंचू चावला आहे तो विंचवाची जात विचारत नाही. त्याला राग आला होता आणि रागाहून जास्त भीती वाटत होती. सोळा वर्षांचा संसार असा एका खटक्यासरशी बंद होतो की काय, या विचाराने तो रात्री उठून बोर्डापाशी जाऊन उभा राही.

शुक्रवारी तो सकाळपासून फोन समोर ठेवून बसला. अकरा पाच, दार. अकरा आठ, गीझर. अकरा अडतीस: हरवला, सापडला, हरवला. दमटपणा चढू लागला. माझ्या घरात, माझ्या फरश्यांवर उभा राहून हा कोण अंग घासतोय! त्याचा अंगठा ‘सगळे बाहेर’ या बटणावर गेला. घरात कुणी नसताना वापरायचं ते बटण. ते दाबलं की सगळी शटरं खाली येत, सगळे दिवे विझत, आणि हालचाल झाली तरी लागत नसत. बाथरूमला खिडकी नव्हती. बस म्हणावं अंधारात, उघडा-नागडा, मी येईपर्यंत.

त्याने बटण दाबलं.

गाडीने बारा मिनिटं लागली. जिना त्याने दोन दोन पायऱ्या गाळत चढला. दार उघडलं तर घर भर दुपारी काळंकुट्ट, एका फटीतून तेवढा उजेड. फ्रिज घुमत होता. बाकी चिडीचूप. शेगडीवर झाकून ठेवलेला डबा, खुर्चीवर नीट घडी घातलेला बनियन, आणि खुर्चीला टेकून ठेवलेली एक काठी.

काठी बघून तो थबकला. बाथरूमच्या दाराशी जाऊन त्याने फोनचा उजेड आत टाकला.

प्रोद्रोमोस प्लास्टिकच्या स्टुलावर बसले होते. कमरेला टॉवेल, डोक्यावर फेस तसाच, डोळे साबणाने मिटलेले. अंगाला काकडा भरला होता. उजव्या मांडीवर शस्त्रक्रियेचा लांब व्रण होता, तो आर्गिरिसने कधी पाहिलाच नव्हता. डावा हात भिंतीवर होता. पूर्वी जिथे बटण होतं बरोबर त्या जागी, कोऱ्या पट्टीवर तळवा टेकवून म्हातारा बसला होता.

“कोण आहे?”

“मी आहे, बाबा.”

“दिवा लाव,” प्रोद्रोमोस म्हणाले.

फोनवर ते बटण आर्गिरिसचं दोनदा चुकलं. मग लख्ख उजेड पडला. त्याने कोमट पाण्याने बापाचं डोकं धुतलं, डोळे पुसले, दुसरा टॉवेल खांद्यावर टाकला. पाठीला साबण लावायचा राहिला होता. हिरवा तुकडा हातात घेताच तो वास पुन्हा आला, आणि आता त्याला आठवलं. लहानपणी दर शनिवारी याच साबणाने त्याला खरवडून काढत. तो घरच्या कढईत बाबाच घोटायचे.

“हे कधी झालं? पायाचं?”

“जानेवारीत पडलो. खुब्यात धातूची पट्टी घातली. आमचा तो उंच टब आता चढवत नाही. सून म्हणाली, आमच्याकडे पायरी नाही, इथे करा. मी म्हटलं, त्याला सांगणार असशील तर येत नाही.” म्हाताऱ्याने नाक शिंकरलं. “बोर्डाला हात लावला. गीझरपुरताच. तेवढी माफी कर.”

“पाडायचा, उचलायचा, पुन्हा पाडायचा,” आर्गिरिस पुटपुटला.

“खट्ट आवाज ऐकून कानाने खात्री करायची. डोळे फसतात. तुला शिकवलं होतं मी.”

शिकवलं होतं. सहा वर्षांचा असताना, अशाच एका बोर्डापुढे स्टुलावर उभं करून. दीड आठवडा त्याच्या बापाची सही दर मंगळवार-शुक्रवारी त्याच्या फोनवर येत होती आणि त्याला ती वाचता आली नव्हती.

“फ्रिज चालू होता,” प्रोद्रोमोस अचानक म्हणाले. “वीज गेली नव्हती. दिवा कुणीतरी मुद्दाम मालवला.” मग त्यांनी मुलाच्या चेहऱ्याकडे पाहिलं, खुर्चीवरच्या बनियनकडे पाहिलं, आणि त्यांना कळलं. चाळीस वर्षं बिघाड शोधण्यात गेलेला माणूस. “तुला कोण वाटलो मी?”

आर्गिरिसने साबणाचा तुकडा धुऊन जागेवर ठेवला.

“गाढवा,” म्हातारा हलकेच म्हणाला. “तिला सांगू नकोस. फार चांगली पोर आहे. तिचं मन मोडेल.” जरा थांबून ते म्हणाले, “पेचकस आहे का घरात? का तोही फोनमध्येच असतो?”

पावणेचारला मेरोपी आली आणि पर्स न ठेवताच बोर्डाकडे वळली. खटका आधीच वर होता. बाथरूमच्या भिंतीवर पट्टी नव्हती. जुनं पिवळट बटण होतं, जरा तिरकं बसवलेलं, आणि स्वयंपाकघरात सासरे कपड्यांनिशी, केस विंचरून कॉफी पीत बसले होते. तिने दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. तिचा चेहरा आधी उजळला.

“कसं कळलं तुला?”

बापाने टेबलाखालून काठी मारली. खोटं अगदी जिभेवर तयार होतं: लवकर सुटलो, घरी आलो, बाबा दिसले. पण आठवडाभर तिच्यावर खोटेपणाचा आळ घेऊन आता तिच्याशी खोटं बोलायचं, हे त्याच्याने झालं नाही. त्याने सगळं सांगितलं. सारांदिस, खोकल्याचं औषध, ‘सगळे बाहेर’.

“दाराला विचारलंस,” शेवटी ती म्हणाली. “गीझरला विचारलंस. त्या बिया फोडणाऱ्याला विचारलंस. अरे, मला विचारायचंस. बाबांना दिलेला शब्द मोडून सांगितलं असतं मी.”

“मेरोपी...”

“आत्ता नको.”

तिने पाईचं ताट काढलं. दोन कोपरे कापून सासऱ्यांच्या डब्यात भरले. तिसरा स्वतःच्या बशीत घेतला. चौथा तसाच ताटात ठेवला, वर फडकं झाकलं, आणि आर्गिरिससमोर मधला तुकडा सरकवला, मऊ आणि ओला. त्याने तो खाल्ला.